लघवीत जंतू आढळले. पण आजार आहे का?

मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा एक जुना शब्दप्रयोग आहे. लघवी करताना होणारी आग, पुन्हापुन्हा जावेसे वाटणे आणि गेल्यावर मात्र चार थेंबच होणे, या तिन्ही तक्रारी आपल्या आज्या-पणज्या या दोन शब्दांत सांगत असत. चरकसंहितेत ‘मूत्रकृच्छ्र’ या नावाने याच दुखण्याचे आठ प्रकार वर्णिले आहेत. या दोन्ही नावांमध्ये एक गोष्ट समान आहे. रुग्णाला काय होते, यावरून दुखण्याला नाव दिलेले आहे.

अलीकडे हा क्रम उलटू लागला आहे. रुग्ण घरी आणि अहवाल दवाखान्यात, अशी भेट आता नित्याची झाली आहे. मुलगा किंवा सून कागद पुढे करते आणि म्हणते, “डॉक्टर, आईंच्या लघवीत इन्फेक्शन निघालंय. गोळी लिहून द्या.” मी विचारतो, “त्यांना त्रास काय होतो?” उत्तर येते, “तसा काही नाही. सहज सगळ्या तपासण्या केल्या, त्यात कल्चर पॉझिटिव्ह आलं.”

या छोट्याशा संवादात आजच्या लेखाचा विषय सामावलेला आहे. लघवीत जंतू आढळणे आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वयस्कर स्त्रियांच्या बाबतीत हा भेद न कळल्यामुळे दोन प्रकारची हानी होते. काहींना नको असलेली प्रतिजैविके दिली जातात, तर काहींचा खरा आजार ‘लघवीचं इन्फेक्शन’ या शिक्क्याखाली झाकला जातो.

हे दुखणे स्त्रियांनाच अधिक का?

मूत्राशयातून लघवी बाहेर नेणारा मार्ग स्त्रियांमध्ये जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचा असतो. पुरुषांमध्ये तो सुमारे २० सेंटिमीटर असतो. त्याचे मुख योनिमार्गाच्या आणि गुदद्वाराच्या जवळ असते. आपल्या आतड्यात एरवी निमूटपणे नांदणारा ‘ई. कोलाय’ हा जंतू एवढे अंतर सहज कापतो. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गांपैकी बहुतेक याच जंतूमुळे होतात.

पाळी गेल्यानंतर यात आणखी भर पडते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी झाल्यामुळे योनिमार्गाचे अस्तर पातळ व कोरडे होते, तिथले हितकारक जंतू घटतात आणि आतड्यातील जंतूंना तिथे जागा मिळते. मधुमेह, अंग बाहेर येणे, मूत्राशय पूर्ण रिकामे न होणे, जुनाट बद्धकोष्ठता, मूतखडा आणि दिवसभर ओला राहणारा डायपर ही इतर कारणे. एक कारण मात्र सामाजिक आहे. एसटीच्या प्रवासात, लग्नघरी किंवा यात्रेत स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने आपल्याकडील असंख्य स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी तुंबवून ठेवण्याची ही सवय साठी-सत्तरीतही सुटत नाही.

निदान सुरू होते ते प्रश्नांपासून

लघवी करताना आग किंवा वेदना, नेहमीपेक्षा वारंवार जावे लागणे, आवरता न येणारी घाई, ओटीपोटात दुखणे आणि लघवीत रक्त दिसणे ही मूत्राशयाच्या संसर्गाची मुख्य लक्षणे. यांतील ‘नेहमीपेक्षा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ज्या आजी गेली पाच वर्षे रात्री तीनदा उठत आहेत, त्या आजही तीनदाच उठल्या तर ते संसर्गाचे लक्षण नव्हे. काल तीनदा आणि आज आठदा, हे मात्र लक्षण आहे. सांभाळ करणाऱ्या व्यक्तीला आपल्या माणसाचे ‘नेहमीचे’ काय ते ठाऊक असते. डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

तरुण व मध्यमवयीन स्त्रियांमध्ये केवळ विचारपूस करूनही बरेच निश्चित निदान करता येते. आग होणे आणि वारंवार जावे लागणे या दोन्ही तक्रारी नव्याने सुरू झाल्या असतील, आणि अंगावरून पांढरे जाणे किंवा खाज नसेल, तर संसर्ग असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक असते, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आले. म्हणजे चार नेमके प्रश्न हीच तिथे पहिली तपासणी ठरते.

वय वाढते तसे हे चित्र धूसर होते. घाई, गळती, रात्री उठणे या तक्रारी म्हातारपणात इतर कारणांनीही असतात. शिवाय आपल्या पिढीतील अनेक स्त्रिया याविषयी बोलतच नाहीत. मुलासमोर तर नाहीच, पण पुष्कळदा डॉक्टरांसमोरही नाही. ‘बरं आहे’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून माझी घरच्यांना विनंती असते की, हा प्रश्न सुनेने, लेकीने किंवा सांभाळणाऱ्या मावशींनी एकांतात, सरळ शब्दांत विचारावा: “लघवीला जळजळतं का? कधीपासून? आधी असं होत होतं का?”

जंतू आहेत, पण आजार नाही

लघवी पूर्णपणे निर्जंतुक असते, असे पूर्वी मानले जाई. १९५०च्या दशकात अमेरिकेतील डॉ. एडवर्ड कास यांनी एक व्यावहारिक सीमारेषा आखली. एक मिलिलिटर लघवीत १ लाख किंवा त्याहून अधिक जंतू वाढले तर ते नमुना घेताना बाहेरून मिसळलेले नसून मूत्राशयातीलच असावेत, अशी ही रेषा होती. आजही बहुतेक प्रयोगशाळांच्या अहवालात हा आकडा दिसतो.

परंतु ही रेषा दोन्ही बाजूंनी फसवी आहे. १९८२ साली डॉ. वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, लघवीला आग होत असलेल्या स्त्रियांमध्ये मिलिलिटरमागे अवघे १०० ई. कोलाय आढळले तरी तो खरा संसर्ग असू शकतो. म्हणजे तक्रार स्पष्ट असेल तर लाखाच्या आत आलेला आकडाही दुर्लक्षिता येत नाही. उलट, कोणतीही तक्रार नसताना लाखावर जंतू आढळणे ही वयस्कर स्त्रियांमध्ये सामान्य बाब आहे. सत्तरी ओलांडलेल्या आणि आपापल्या घरी राहणाऱ्या स्त्रियांपैकी दर १०० जणींमागे साधारण १० ते १६ जणींमध्ये असे जंतू सापडतात. वृद्धाश्रमासारख्या दीर्घ शुश्रूषेच्या ठिकाणी हे प्रमाण २५ ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. या अवस्थेला ‘लक्षणविरहित जंतुमूत्रता’ म्हणतात.

या स्त्रियांना प्रतिजैविके दिली तर काय होते, याचा अभ्यास अनेकदा झाला आहे. जंतू काही दिवस नाहीसे होतात आणि पुन्हा येतात. आयुर्मान वाढत नाही, पुढे होणारे त्रासदायक संसर्ग टळत नाहीत; परत येणारे जंतू मात्र औषधाला दाद न देणारे होत जातात. म्हणून तक्रार नसेल तर वयस्कर स्त्रियांच्या लघवीचे कल्चर करूच नये आणि केलेच असेल तर त्यावर औषध देऊ नये, असा जगभरातील तज्ज्ञांचा स्पष्ट सल्ला आहे. मधुमेह असलेल्या स्त्रियांनाही तो लागू आहे.

याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. एक गरोदरपणाचा. नातीला किंवा सुनेला दिवस गेले असतील तर तक्रार नसतानाही लघवी तपासावी लागते आणि जंतू आढळल्यास उपचार करावे लागतात. दुसरा अपवाद मूत्रमार्गात दुर्बीण घालून केल्या जाणाऱ्या, रक्तस्राव होण्याची शक्यता असलेल्या शस्त्रक्रियांपूर्वीचा.

‘आई असंबद्ध बोलते आहे’

वयस्कर व्यक्ती अचानक भ्रमिष्टासारखी वागू लागली, की घरात पहिला संशय लघवीच्या संसर्गावर जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. गंभीर संसर्गात वृद्धांना भ्रम होतो. पण लघवीत जंतू सापडले म्हणजे भ्रमाचे कारण सापडले, असे होत नाही. सहा ते दहा जणींमागे एकीच्या लघवीत जंतू असणारच असतील, तर दुसऱ्या कोणत्याही कारणाने भ्रम झालेल्या आजींचे कल्चर केले तरी ते पॉझिटिव्ह येऊ शकते.

एक उदाहरण सांगतो. ७९ वर्षांच्या एका आजींना त्यांची सून घेऊन आली. दोन दिवसांपासून आजी सुस्त होत्या, अधूनमधून भलतेच बोलत होत्या आणि लेकीला आपल्या मृत बहिणीच्या नावाने हाक मारीत होत्या. लघवीच्या अहवालात भरपूर पस सेल्स, कल्चरमध्ये १ लाखावर ई. कोलाय. प्रतिजैविकाचे चार डोस झाले होते आणि उतार नव्हता. ताप नव्हता, पाठीत किंवा कुशीत दुखत नव्हते, लघवीच्या वेळा बदललेल्या नव्हत्या. मी औषधांची पिशवी मागवली. तीन आठवड्यांपूर्वी रक्तदाबाची गोळी बदलली होती आणि नव्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होता. रक्तातील सोडियम तपासले तर ते ११८ निघाले. ते १३५ ते १४५ असायला हवे. आजींना रुग्णालयात दाखल करावे लागले. गोळी थांबवून सोडियम सावकाश वर आणल्यानंतर त्या चौथ्या-पाचव्या दिवशी लेकीला तिच्या नावाने हाक मारू लागल्या. लघवीतले जंतू कदाचित अजूनही तिथेच असतील, आणि त्यांनी आजींचे काही बिघडवलेले नाही.

म्हणून अचानक आलेल्या भ्रमात पुढील गोष्टी आधी पाहाव्यात: अंगातील पाणी कमी झाले आहे का? शौचाला किती दिवसांत झालेली नाही? लघवी तुंबून ओटीपोट फुगले आहे का? रक्तातील साखर खाली गेली आहे का? झोपेची, सर्दी-ॲलर्जीची किंवा लघवी वाढवणारी एखादी नवी गोळी सुरू झाली आहे का? खोकला, धाप म्हणजे न्यूमोनिया तर नाही? अलीकडे त्या पडल्या होत्या का, डोक्याला मार लागला होता का? ही यादी डॉक्टरांसमवेत तपासली आणि लघवीची तक्रार, ताप, थंडी यांपैकी काही नसेल, तर केवळ कल्चरच्या आधारे प्रतिजैविक सुरू करण्यापेक्षा पाणी देऊन, कारण शोधून बारकाईने लक्ष ठेवणे श्रेयस्कर असते.

लघवीला वास येणे किंवा ती गढूळ दिसणे हेही संसर्गाचे खात्रीलायक चिन्ह नव्हे. कमी पाणी, काही जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि काही खाद्यपदार्थ यांनीही लघवीचा रंग व वास बदलतो. पहिला उपाय पाण्याचा. दोन-तीन पेले अधिक प्यायल्यावर वास गेला तर प्रश्न मिटला.

नमुना कसा द्यावा

तपासणीची गरज असेल तर ती नीट व्हायला हवी. सदोष नमुन्यावरून आलेला अहवाल हा अहवाल नसल्यापेक्षाही वाईट. पुढील पद्धत घरातील सर्वांना माहीत असावी.

- प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी नमुना द्यावा.
- प्रयोगशाळेतून मिळालेली निर्जंतुक, फिरकीच्या झाकणाची बाटलीच वापरावी. घरातील धुतलेली बरणी चालत नाही.
- शक्यतो सकाळची पहिली, नाहीतर तीन-चार तास साठलेली लघवी घ्यावी.
- हात धुवावेत. जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुऊन कोरडी करावी.
- बोटांनी कड बाजूला करून लघवीची सुरुवातीची धार सोडून द्यावी, मधली धार बाटलीत घ्यावी आणि शेवटची पुन्हा सोडावी. बाटलीच्या किंवा झाकणाच्या आतील बाजूस बोट लावू नये.
- नमुना दोन तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा. ते शक्य नसेल तर बाटली पिशवीत बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात नव्हे. तशी ती २४ तासांपर्यंत चालते. बाहेर उकाड्यात राहिलेल्या लघवीत थोड्या जंतूंचे काही तासांत लाखो होतात.

आजींना खाली बसता येत नसेल तर कमोडवर किंवा आधार देऊन उभ्याने नमुना घेण्यास मदत करावी. बेडपॅनमधून ओतलेली किंवा डायपर पिळून काढलेली लघवी कल्चरसाठी निरुपयोगी असते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचा नमुना खरोखर आवश्यक असेल, तर परिचारिकेकडून एकदाच बारीक नळी घालून घेणे अधिक विश्वसनीय.

अहवाल कसा वाचावा

साध्या तपासणीत ‘पस सेल्स’ ५पेक्षा अधिक असणे म्हणजे दाह आहे. तो जंतूंमुळेच आहे असे नव्हे. मूतखडा, योनिमार्गाचा दाह आणि आपल्या देशात विसरून चालणार नाही असा मूत्रमार्गाचा क्षयरोग, यांतही पस सेल्स वाढतात. वारंवार पस सेल्स भरपूर आणि कल्चर मात्र निरंक, असे होत असेल तर क्षयरोगाचा विचार करायलाच हवा. ‘एपिथेलियल सेल्स’ पुष्कळ असतील किंवा कल्चरमध्ये तीन प्रकारचे जंतू एकत्र वाढले असतील, तर नमुन्यात बाहेरचे मिसळले आहे असे समजून तो पुन्हा द्यावा.

पट्टीवरच्या चाचणीतील ‘नायट्राइट’ होकारार्थी असेल तर लघवीत जंतू असल्याची शक्यता बरीच वाढते; परंतु नकारार्थी असेल तर ते नाहीत असे म्हणता येत नाही. नायट्राइट तयार होण्यासाठी लघवी मूत्राशयात काही तास राहावी लागते, आणि काही जंतू ते तयारच करीत नाहीत. लघवी केशरी करणारी वेदनाशामक गोळी चालू असेल तर पट्टीचे रंगही फसतात. वयस्करांच्या लघवीत जंतू एरवीही असू शकतात, म्हणून ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये पट्टीवरून संसर्गाचे निदान करू नये, असे ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना सांगतात.

कल्चरला २४ ते ४८ तास लागतात. त्यात जंतूचे नाव, संख्या आणि औषधांची एक यादी असते. प्रत्येक औषधापुढे ‘एस’ म्हणजे लागू पडेल, ‘आर’ म्हणजे पडणार नाही. ही यादी म्हणजे भोजनालयातील पदार्थांचा फलक नव्हे. त्यातील अनेक औषधे केवळ इंजेक्शनने देण्याची आणि राखून ठेवण्याची असतात. रुग्णाचे वय, मूत्रपिंडाची कार्यक्षमता आणि चालू गोळ्या पाहूनच निवड करावी लागते.

आग होते, पण संसर्ग नाही

पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये निव्वळ कोरडेपणामुळेही लघवीला आग होते. तपासल्याशिवाय हे कळत नाही. संकोच बाजूला ठेवून तपासणी करू द्यावी. हवे असल्यास स्त्री डॉक्टरांकडे जावे. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांच्या लघवीतून साखर जाते आणि त्यामुळे बाहेरील भागाला बुरशीचा संसर्ग होऊन खाज व जळजळ होते. त्यावर प्रतिजैविक दिले तर बुरशी वाढतेच. याशिवाय सुगंधी साबण, जंतुनाशक द्रवाने वारंवार धुणे आणि डायपरमुळे सोललेली त्वचा हीदेखील आगीची कारणे आहेत.

धणे-जिऱ्याचे पाणी, सब्जा, नारळपाणी यांनी आणि दुकानात मिळणाऱ्या लघवीची आम्लता घटवणाऱ्या औषधाने आग कमी वाटू शकते, पण जंतू मरत नाहीत. त्या औषधात सोडियम असते, तर नारळपाण्यात पोटॅशियम. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी विचारल्याखेरीज दोन्ही घेऊ नयेत.

आग नसताना लघवीतून लाल रक्त जाणे याला मात्र ‘उन्हाळी’ समजून घरी बसू नये. एकदाच दिसले आणि आपोआप थांबले, तरीही सोनोग्राफी आणि पुढील तपासण्या कराव्यात. मूत्राशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते.

नळी असलेल्या रुग्णांविषयी

लघवीची नळी घातल्यावर रोज सुमारे ३ ते ८ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू शिरतात. महिन्याभरात जवळजवळ सर्वांच्याच लघवीत ते असतात. म्हणून नळी असलेल्या आणि ताप, थंडी किंवा ओटीपोटात दुखणे यांपैकी काहीही नसलेल्या रुग्णाचे कल्चर करण्यात अर्थ नसतो. लक्षणे असतील आणि नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर ती बदलून नव्या नळीतून नमुना घ्यावा. पिशवीतील लघवी कधीही पाठवू नये. पिशवी जांभळी झालेली पाहून घरचे घाबरतात. बद्धकोष्ठता आणि काही जंतूंच्या क्रियेने बनलेल्या रंगद्रव्यांचा तो परिणाम असतो. त्यावर शौच साफ ठेवावे आणि नळी बदलावी. ‘या नळीची अजून गरज आहे का?’ हा प्रश्न मात्र प्रत्येक भेटीत डॉक्टरांना विचारावा.

अनावश्यक गोळीची किंमत

“एक कोर्स दिला तर बिघडलं काय?” असे अनेक जण विचारतात. वयस्कर शरीरात बरेच बिघडते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या वर्गातील औषधांमुळे स्नायूबंध दुखावू शकतात. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर धोकादायकरीत्या उतरू शकते आणि भ्रमही होऊ शकतो. याबद्दलचा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ साली अधिक ठळक केला. काही प्रतिजैविके रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरीनचा परिणाम वाढवून रक्तस्राव घडवतात. तीव्र जुलाब हा तर नेहमीचाच धोका.

शिवाय, आज विनाकारण घेतलेले औषध उद्या गरजेच्या वेळी चालत नाही. आपल्या देशातील ई. कोलाय नेहमीच्या अनेक गोळ्यांना आता दाद देत नाही, हे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या वार्षिक अहवालांतून दिसते. मार्च २०१४पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’नुसार सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला तीन वर्षे नोंद ठेवावी लागते. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊन उपचार सुरू होतात. कृपया हे करू नये.

खरा संसर्ग असेल तर औषध सांगितले तितके दिवस घ्यावे. बरे वाटल्यावर ‘जंतू गेले का’ हे पाहण्यासाठी पुन्हा कल्चर करण्याची सहसा गरज नसते. तक्रार गेली म्हणजे उपचार लागू पडला.

वारंवार होत असेल तर

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग झाला तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. अशा वेळी दर खेपेस कल्चर करावे आणि साखर, मूत्रपिंडाचे कार्य, लघवी झाल्यानंतर मूत्राशयात किती उरते हे दाखवणारी सोनोग्राफी आणि अंग बाहेर येत असल्यास त्याची तपासणी करून घ्यावी. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये योनिमार्गात लावण्याच्या इस्ट्रोजेन मलमाने संसर्गाचे प्रमाण पुष्कळ घटते, हे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून वारंवार दिसले आहे. स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास त्याविषयी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी आधी बोलावे. पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, तेही संध्याकाळपूर्वी अधिक. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात डॉक्टरांनी मर्यादा घातली असेल तर तेवढेच. दर तीन-चार तासांनी लघवीला जाणे, शौचानंतर पुढून मागे धुणे आणि डायपर वेळेवर बदलणे या साध्या गोष्टींकडेही लक्ष द्यावे.

थांबू नये अशा वेळा

पुढीलपैकी काही दिसले तर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात न्यावे:

- हुडहुडी भरून ताप, किंवा तापमान १०० अंश फॅरनहाइटच्या वर. अतिवृद्धांमध्ये नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांची वाढही महत्त्वाची
- एका बाजूच्या कुशीत किंवा पाठीत दुखणे, सोबत उलट्या
- रक्तदाब उतरणे, हातपाय गार पडणे, श्वास जलद होणे
- आठ-दहा तास लघवीच न होणे
- अचानक आलेला भ्रम किंवा न उठवता येण्याइतकी सुस्ती, कारण कोणतेही असो

यांतील पहिल्या तीन लक्षणांत संसर्ग मूत्रपिंडापर्यंत किंवा रक्तात पोहोचलेला असू शकतो. तिथे एकेक तास मोलाचा असतो आणि प्रतिजैविकाला विलंब करता कामा नये. अनावश्यक औषध टाळण्याचा आग्रह धरायचा तो अशाच वेळी ते औषध हमखास उपयोगी पडावे म्हणून.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना अहवालासोबत एक चिठ्ठीही न्यावी. तक्रार कोणती, ती कधीपासून, नेहमीपेक्षा काय बदलले, ताप किती, गेल्या महिन्याभरात कोणती औषधे सुरू झाली किंवा बंद झाली, एवढे पाच ओळींत लिहावे. शक्य असेल तर आजींनाही सोबत आणावे. कागदावरचे जंतू कुणाच्या लघवीत आहेत, हे त्यांना भेटल्यावर आणि त्यांचे ऐकल्यावरच उमगते.

पुढील अंकात: वृद्धांची बद्धकोष्ठता आणि रेचकांची सवय.